प्रत्यक्ष पाहून भरले

चीनशी लढाई होऊन गेली, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजचं समाजसेवा शिबीर पोलादपूर तालुक्यातल्या एका गावात भरलं. कापड्यापर्यंत एसटी, तिथून पुढे दोन तास पायी. मुली पहिल्यांदाच जाणार होत्या. आम्ही सगळ्या मिळून सहाजणी. माझे वडील महाडच्या पोस्टात होते. त्यांनी आधी साफ नाही म्हटलं. मग अर्थशास्त्राचे सर स्वतः घरी आले. आपली पत्नी मुलींबरोबर राहणार आहे असं त्यांनी सांगितलं, आणि उठता उठता म्हणाले, "पुढे हिला नोकरी करायची असेल तर हे दहा दिवस कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडतील." वडील 'नोकरी' या शब्दापाशी थांबले. माझ्या पाठची तीन भावंडं होती. त्यांनी होकार दिला.

सरांचं म्हणणं खरं ठरलं. कसं खरं ठरलं तेच मला लिहायचं आहे, आणि ते लिहायला बसायला मला फार वर्षं लागली.

मुलांनी गावापासून ओढ्यापर्यंत पाखाडी बांधायची, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, आणि मुलींनी आसपासच्या वाड्यांत फिरून पाहणी करायची, असं ठरलं होतं. पाहणीचे तक्ते सरांनी सायक्लोस्टाईल करून आणले होते. एका वाडीला एक तक्ता. घरं किती, माणसं किती, त्यांतली मुंबईला किती, शाळेत जाणारी मुलं किती, पाणी कुठून आणतात, ते जवळ की लांब. तळाशी दोन ओळी होत्या. एकीत माहिती देणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. दुसरीत 'प्रत्यक्ष पाहून भरले' असं छापलेलं होतं आणि पुढे सहीची जागा होती. तालुक्यात नव्या विहिरी कुठे द्यायच्या हे ठरवताना कचेरीतले लोक हे तक्ते बघणार आहेत, तेव्हा नीट भरा, असं सरांनी बजावलं होतं.

पहिल्या दिवशी मला तोंडच उघडता येईना. एका अंगणात उभी राहून मी कागदावरचे प्रश्न वाचून दाखवत होते आणि समोरची म्हातारी माझ्याकडे बघत कोंबड्या हाकलत होती. संध्याकाळी मी सरांना सांगितलं की हे काम मला जमणार नाही. सर हसले नाहीत. म्हणाले, "कागद आधी पिशवीत ठेव. घरात कोण आहे, कोण नाही, त्याची चौकशी कर. आणि गप्प राहायला शीक. माणूस बोलायचा थांबला की आपण लगेच पुढचा प्रश्न टाकतो, तिथंच चुकतं. खरं काय ते तो त्यानंतर सांगत असतो."

दुसऱ्या दिवशी मी तसं केलं आणि मला स्वतःचंच नवल वाटलं. बायका बोलायला लागल्या. तिसऱ्या दिवशी एकीनं मला चुलीपाशी बसवून घेतलं आणि मुंबईच्या नवऱ्याला पत्र लिहून घेतलं. रोज संध्याकाळी शाळेच्या पडवीत सगळ्यांसमोर उभं राहून आपण काय पाहिलं ते सांगायचं असे. ज्या मुलीनं वर्गात कधी हात वर केला नव्हता, ती चौथ्या दिवशी पाच मिनिटं न अडखळता बोलली. लोक ऐकत होते. ऐकणाऱ्या माणसांची एक चटक असते, ती मला तिथं लागली.

सातव्या दिवशी माझ्या जोडीदारणीला ताप भरला. आम्हा दोघींकडे त्या दिवशी अकरा घरांची एक वाडी होती, गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर. सर म्हणाले, "आज राहू दे. उद्या दुसरी कोणी घेऊन जा." मी म्हटलं, मी एकटी जाऊन येते. वाट सरळ होती, दिवसाची वेळ होती, आणि संध्याकाळी एकटीनं वरची वाडी केली असं सांगायला मिळणार होतं. सरांनी थोडा विचार करून परवानगी दिली.

अर्ध्या वाटेवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पुढची चढण मुरमाची होती. थोडी अनवाणी चालले, पाय सोलवटले, आणि मी एका खडकावर बसले. वाडी वर दिसत होती. गवतानं शाकारलेली छपरं, एक आंब्याचं झाड. चढायला अजून तास लागला असता, जास्त नाही.

तेवढ्यात खालून एक बाई वर आली. डोक्यावर गावातल्या गिरणीतून सडून आणलेल्या तांदळाचं गाठोडं, कासोटा घातलेलं लुगडं, वय पस्तिसाच्या आसपास. मला बघून तिनं गाठोडं उतरवलं आणि काही न विचारता माझी चप्पल हातात घेतली. कमरेची पिशवी सोडून तिनं सुंभाचा तुकडा काढला, दातानं तोडला आणि अंगठ्याच्या जागी ओवून घट्ट गाठ मारली.

"कॉलेजची पोर ना गो तू? चल वर. चाय घे, मंग काय लिवायचं ते लीव."

मी म्हटलं, "मावशी, तुम्हीच सांगा ना इथं. तुम्हाला सगळी घरं माहीत असतील."

ती जरा घुटमळली, पण बसली. घरांची नावं घेत तिनं बोटांवर माणसं मोजली. कोणाचा नवरा गिरणीत, कोणाचा मुलगा गोदीत, कोणाच्या घरी नुसती म्हातारी. मी भराभर लिहीत होते. पाण्याचा प्रश्न शेवटचा होता.

"पाणी कुठून आणता? जवळ आहे की लांब?"

"आता जवळच हाय. वाडीच्या खालतीच झरा हाय, दिसतो बघ तिथनं."

मी 'जवळ' लिहिलं. ती बोलतच होती. "पन तो शिमग्यापतूर. शिमगा झाला का आटतो. मंग पार दरीत उतरावं लागतंय आमाला. सकाळची गेलेली बाई..."

हे मी ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. कागदावर त्या प्रश्नापुढे बोटभर जागा होती आणि तिथं एक शब्द लिहून झाला होता. पाय ठणकत होते. वर जायचं नाही हे माझ्या मनानं ती यायच्या आधीच ठरवलं होतं. मी "बरं, बरं" म्हटलं आणि टोपण लावलं. तिला नाव विचारून ते माहिती देणाऱ्याच्या ओळीवर लिहिलं. ती गाठोडं डोक्यावर घेऊन वर गेली, जाताना पुन्हा एकदा म्हणाली, "आली असतीस तर बरं झालं असतं." मग मी छापील ओळीपुढे सही केली.

संध्याकाळी पडवीत मी त्या वाडीबद्दल बोलले. घरातली एकटी म्हातारी, गोदीतला मुलगा, आंब्याचं झाड, सगळं सांगितलं. अंगणात बसून ऐकल्यासारखं सांगितलं. टाळ्या पडल्या. सरांनी शिबिराचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे दिलं. महाडला परतल्यावर दोन महिने मी त्यावर खपले. माहितीची कोष्टकं कशी मांडायची, मोठं वाक्य कसं तोडायचं, आपल्याला काय वाटतं आणि आपण काय पाहिलं हे वेगळं कसं ठेवायचं, हे सरांनी लाल पेन्सिलीनं माझ्या पानांवर शिकवलं. त्या अहवालात वरच्या वाडीची एक ओळ होती. ती ओळ येई तेव्हा मी जरा जलद वाचायची. एवढंच. त्यापलीकडे तेव्हा मला काही वाटलं असेल तर आठवत नाही.

बी.ए. झाल्यावर विकास गटातल्या मुख्यसेविकेच्या जागेसाठी मी अर्ज केला. मुलाखत अलिबागला होती. टेबलामागे तिघे बसले होते. बाकीच्या मुली माझ्यापेक्षा हुशार होत्या, एकीला पहिला वर्ग होता. टेबलामागच्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "खेड्यातल्या बायका तुमच्याशी बोलतील कशावरून?"

मी शिबिराचं सांगितलं. आधी कागद पिशवीत ठेवायचा, घरची चौकशी करायची, गप्प राहायचं, हे सांगितलं. मग उदाहरण म्हणून वरच्या वाडीची गोष्ट सांगितली. तुटलेली चप्पल, सुंभाची गाठ, ती बाई.

"म्हणजे एकट्याच चढून गेलात वाडीवर?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी दुसऱ्या गृहस्थांकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. नोकरी मला मिळाली ती त्या एका 'हो'वर, असं मी आजही मानते.

पुढे मला कॉलेजातली मुलं कधी कधी विचारत, "बाई, अशा शिबिरांचा नोकरीला खरंच उपयोग होतो का?" होतो. अनोळखी माणसाशी बोलायला, ऐकलेलं लिहून काढायला, चार माणसांसमोर उभं राहायला मी तिथंच शिकले, वर्गात नाही. ज्या वयात दुसऱ्या मुली घराबाहेर एकट्या पडत नव्हत्या त्या वयात मला खोऱ्यातल्या वाटा माहीत झाल्या. पण त्याच दहा दिवसांत न पाहिलेलं पाहिल्यासारखं सांगायलाही मी शिकले, आणि नोकरीत सगळ्यात आधी उपयोगी पडलं ते हेच. मुलांना मी पहिला भाग सांगत असे.

नेमणूक झाली त्याच वर्षी माझं लग्न झालं. यजमान शाळेत शिक्षक होते. माझं नाव आणि आडनाव दोन्ही बदललं. दोन वेण्यांचा अंबाडा झाला आणि चष्मा लागला. कामाची कचेरी त्याच खोऱ्याची होती. पहिले काही महिने महिला मंडळं, बालवाड्या, बाळंतिणींच्या भेटी यांत गेले. आमचे साहेब, गटविकास अधिकारी, माझ्या अहवालांवर खूश होते.

चैत्रातल्या एका सकाळी वरच्या वाडीची पाच-सहा माणसं कचेरीत आली. त्यांना विहीर हवी होती. खालच्या दोन वाड्यांना विहिरी मंजूर झाल्या होत्या, त्यांच्या वाडीचं नाव यादीत नव्हतं. ते का नव्हतं, हे विचारायला ती सगळी आली होती. माझं टेबल कारकुनाच्या टेबलापासून चार हातांवर होतं. कारकून सज्जन होता. त्यानं त्यांना बसवलं, कपाटातून फाईल काढली आणि पान शोधलं.

"हे बघा, मी काय करू? तुमच्या वाडीची पाहणी झालेली आहे. कॉलेजच्या मुलांनी प्रत्यक्ष पाहून लिहिलंय. पाणी जवळ. आणि माहिती तुमच्याच माणसानं दिलीय." त्यानं नाव वाचलं.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. ती बाई भिंतीला टेकून उभी होती. दोन वर्षांत तिचे केस कानांपाशी पांढरे झाले होते. त्यांच्यातला एक म्हातारा हळू आवाजात तिला म्हणाला, "तू असं सांगितलंस?"

"मी सगळं सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "शिमग्यानंतरचं पन सांगितलं व्हतं."

"मंग कागदावर कसं नाय?"

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. ते माझ्याकडे होतं. माझ्यापुढे बालवाडीच्या खाऊचा तक्ता होता आणि मी त्यावर मान खाली घालून बसले होते. फाईल उघडी होती आणि त्या पानावर माझं माहेरचं नाव माझ्या अक्षरात होतं. उठून चार पावलं टाकली असती तर झालं असतं. मी उठले नाही. एकदा मान वर केली तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. तिनं मला ओळखलं की नाही हे मला कळलं नाही. ओळखलं नसावं अशी मी मनात प्रार्थना केली. ही प्रार्थना केल्याचं मला आजही सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

ती माणसं गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. यजमानांनी विचारलं तर मी डोकं दुखतंय असं सांगितलं. चार दिवसांनी मी साहेबांना म्हटलं की त्या वाडीची पुन्हा पाहणी करावी असं मला वाटतं. ते म्हणाले, "जाऊन या. तुम्हाला वाटतंय म्हणजे काहीतरी असेल." त्यांचा माझ्यावर इतका विश्वास होता.

या वेळी मी वर गेले. वाडीखालचा झरा कोरडा होता, त्यात वाळलेला पाला पडला होता. बायका दरीत गेल्यात, असं एका म्हातारीनं सांगितलं. मी त्या वाटेनं उतरले. वाट कसली, कड्याच्या पोटातून गेलेली पाऊलभर जागा. हातानं झुडपं धरून उतरावं लागत होतं. तळाशी पोचायला मला तासाहून जास्त लागला. तिथं खडकाच्या फटीत परातीएवढं डबकं होतं. एक बाई करवंटीनं पाणी घेऊन हंड्यात ओतत होती. पाच-सहा करवंट्या झाल्या की थांबायचं, पुन्हा पाणी पाझरून साचेपर्यंत वाट बघायची. बाकीच्या सावलीत बसल्या होत्या.

माझी चप्पल बांधून देणारी ती बाई सगळ्यांच्या मागे, एकटी बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. बाकीच्यांचे हंडे एकेक करून भरत गेले आणि त्या वर चढायला लागल्या. नंतर आलेल्या दोघीही तिच्या आधी भरून गेल्या. कोणी तिला काही बोललं नाही, तिनंही कोणाला काही म्हटलं नाही.

"तुमचा नंबर आधी होता ना?" मी विचारलं.

"माजा शेवटला असतो आता," ती म्हणाली. "कचेरीतनं आल्यापासनं."

मग मी तिला सांगितलं. ती कॉलेजची मुलगी मीच, कागद मीच लिहिला, तुम्ही शिमग्यानंतरचं सांगितलेलं मी ऐकलं होतं आणि लिहिलं नाही.  ती करवंटीनं पाणी काढत राहिली.

"मला वळख लागली व्हती कचेरीतच," ती म्हणाली. "चष्मा घातलास म्हनून काय झालं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तू बोलशील."

तिनं शेवटची करवंटी हंड्यात ओतली. हंडा डोक्यावर घेताना ती म्हणाली, "मला सांगून काय व्हनार? वर चल, त्यांना सांग. माज्या जावेला सांग. ती घरात बोलत नाय माज्याशी."

मी तिच्या मागून चढले. ती डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन माझ्यापुढे चालत होती, आणि रिकाम्या हातांनी मला तिच्या बरोबरीनं चालता येत नव्हतं. दोनदा ती माझ्यासाठी थांबली.

आंब्याखाली माणसं जमली. मला बोलायची सवय झालेली होती. उभी राहिले आणि शब्द आपोआप येत गेले. मी म्हणाले, "मागच्या पाहणीच्या वेळी नोंद घेताना काही त्रुटी राहून गेल्या. त्या वेळी हंगाम वेगळा असल्यामुळे पाण्याची परिस्थिती पूर्णपणे लक्षात आली नव्हती. माहिती देणाऱ्या बाईंचा यात दोष नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्रुटी म्हणजे काय ते त्यांच्यातल्या किती जणांना कळलं कोण जाणे. कोणाची त्रुटी, हे मी म्हटलंच नव्हतं. साहेबांच्या कचेरीत चालतं तसं, कर्ता नसलेलं वाक्य मी सफाईनं बोलून गेले. तिच्या जावेनं विचारलं, "म्हंजे हिनंच अर्धं सांगितलं ना?" मी म्हटलं, "तसं नाही, नोंद अपुरी होती." आणि नवा तक्ता भरायला घेतला.

ती बाई कडेला उभी होती. माझं सगळं बोलणं तिनं ऐकलं. मग तिनं हंडा उचलला आणि घरात निघून गेली. जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही. मी खाली उतरले तेव्हा माझ्या पिशवीत नवा, खराखुरा, पाहून भरलेला तक्ता होता, आणि कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'मागील पाहणीनंतर परिस्थितीत बदल.'

विहीर मंजूर झाली. जागा वाडीच्या बाजूच्या घळीत निघाली. सुरुंग लावावे लागले आणि दीड वर्ष काम चाललं. त्या काळात मी वाडीवर चार वेळा गेले, कधी बाळंतिणीच्या निमित्तानं, कधी कामाच्या. दर वेळी ठरवून जायचे की आज स्पष्ट सांगायचं. दर वेळी माणसं चहा पुढे करायची, मला मान द्यायची, आणि त्या मानाखाली माझी जीभ अडकायची. ती बाई समोर आली की "बऱ्या हाव ना?" एवढंच विचारायची. दरीतल्या पाण्यावर तिचा नंबर अजून शेवटचा आहे का, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

विहिरीला पाणी लागलं आणि वैशाखात ते टिकलं, तेव्हा साहेब स्वतः वाडीवर आले. नारळ फोडला. मग त्यांनी भाषण केलं. म्हणाले, "या विहिरीचं श्रेय आमच्या बाईंना आहे. तुम्हाला माहीत नसेल, मलाही अलिबागला मुलाखत घेणाऱ्यांकडून कळलं, पण कॉलेजात असतानाच या इथं चढून आल्या होत्या, घरोघर फिरल्या होत्या. तेव्हापासून या वाडीवर त्यांचा जीव आहे."

पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "तवा कोन आलं नव्हतं." मोठ्यानं नाही, भांडायला नाही, जे आठवत होतं ते ती म्हणाली. पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. साहेब थांबले आणि माझ्याकडे वळले. त्यांना वाटलं, मी म्हातारीची समजूत दुरुस्त करीन.

मी उठले. या वेळी शब्द आपोआप आले नाहीत.  मग म्हटलं, "त्या बरोबर बोलतायत. मी आले नव्हते. मी अर्ध्या वाटेवर खडकावर बसले होते. यांनी," मी तिच्याकडे हात केला, "यांनी मला सगळं खरं सांगितलं होतं. झरा आटतो तेही सांगितलं होतं. मी ऐकून लिहिलं नाही. आणि पाहिलं म्हणून खोटी सही केली. त्यामुळे तुम्हाला विहीर उशिरा मिळाली. कचेरीत तुम्ही यांना विचारत होता तेव्हा मी तिथं बसले होते आणि बोलले नाही."

 मग कचेरीत आलेला तो म्हातारा म्हणाला, "बरं, बरं. झालं ते झालं. पानी लागलं ना." आणि पुरुष खोबरं वाटायला उठले. त्यांच्या लेखी ते तिथं संपलं. तिची जाऊ मात्र जागची हलली नाही, पदराचं टोक चुरगाळत खाली बघत राहिली.

मी त्या बाईजवळ गेले. रागावेल, रडेल, निदान बरं झालं म्हणेल, असं काहीबाही मनात होतं. तिनं माझ्या हातात खोबऱ्याचा तुकडा दिला आणि साध्या आवाजात विचारलं, "एवढं बोलायला इतकं दिवस का गो लागलं तुला?"

 ती उत्तरासाठी थोडा वेळ थांबली, मग हाक आली तशी निघून गेली.

उतरताना साहेब माझ्या पुढे चालत होते.  जीपपाशी आल्यावर म्हणाले, "म्हणजे मुलाखतीत चढून गेले म्हणालात ते खोटंच सांगितलं होतं का तुम्ही?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि जीपमध्ये बसले. त्यांनी माझ्याविरुद्ध काही लिहिलं नाही. पण त्यानंतर माझा कोणताही अहवाल त्यांनी न तपासता पुढे पाठवला नाही, आणि पुढल्या वर्षी माझी बदली पेणकडे झाली तेव्हा त्यांनी ती थांबवायचा प्रयत्न केला नाही. त्यांचं चुकलं असं मी कधी म्हटलं नाही.

पेणला जायच्या आधी वाडीवर जाऊन यावं असं दोन-तीनदा मनात आलं. बांधाबांध होती, मुलगी लहान होती. ही कारणं खरी होती. मी गेले नाही.